दोन्ही हातांनी वाढलेलं सूप

"पाहुण्यांना हे सूप? आणि तेही आज?" स्वयंपाकीण मांगन्ये मावशींनी पळी पातेल्यातच सोडून दिली. "प्यो साहेब, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा."

"अहो मावशी, वाढदिवस आहे त्या पोरीचा. हंगेरीच्या ओर्शोयाचा. काल केकबद्दल विचारत होते ना ते लोक? मग केक कशाला, वाढदिवसाला शेवाळाचं सूप करायचं ही आपली रीत. उद्या कोणी म्हणायला नको, की कोरियात गांगनंगला गेलो आणि वाढदिवसाचं साधं सूप कोणी पुढे केलं नाही."

"रीत मला ठाऊक आहे," मावशी म्हणाल्या, "आणि तुमची नियतही."

पण हुकूम संघाच्या व्यवस्थापकाचा. मावशींनी समुद्राचं वाळलेलं शेवाळ भिजत घातलं, आणि ते पातेल्यात हिरवंगार, बुळबुळीत फुलून आलं.

प्यो दॉक-चिल तसे अंधश्रद्धाळू नव्हते. फक्त विषाची परीक्षा घेत नसत. परीक्षेच्या, मुलाखतीच्या, सामन्याच्या दिवशी शेवाळाचं सूप पोटात गेलं की माणूस घसरतो, हे त्यांनी आईच्या मांडीवर ऐकलेलं. कारकुनीची परीक्षा देणारा घसरला तर निदान हाडं तरी शाबूत राहतात. इथे तर पायाला पाती बांधून बर्फावर गरागरा फिरायचं. शॉर्ट ट्रॅकवाल्या, म्हणजे बर्फावरच्या स्केटिंग शर्यतीच्या, घरात शर्यतीच्या आठवड्यात त्या सूपाचं नावसुद्धा कोणी काढत नाही.

व्यवस्थापक हा प्राणी मोठा दुर्दैवी. बस वेळेवर आली तर ती त्याच्यामुळे आली हे कोणाच्या लक्षात राहत नाही. उशिरा आली तर कोणी विसरत नाही. मागच्या वर्षीच्या जागतिक सांघिक स्पर्धेत प्योंनी मुलींना भलत्याच बर्फमैदानावर नेऊन उतरवलं होतं. तिथे बालवाडीचं स्नेहसंमेलन चालू होतं. योग्य मैदान सापडेपर्यंत रिलेचं पदक दुसऱ्यांच्या गळ्यात. यंदा स्पर्धा आपल्या घरी, आज अंतिम रिले, आणि प्रशिक्षक मा सून-बॉक मॅडमनी कालच स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, "उद्या एक जरी घोटाळा झाला ना प्यो, तर परवापासून तुम्ही कर्लिंगच्या संघाकडे. तिथे दगड सरकवतात आणि पुढे झाडू मारतात. तुम्हाला मानवेल."

 पहाटे प्योंना उमगलं, की दैव आपल्या बाजूला वळवणं अवघड. त्याला समोरच्यावर जरा नाराज करणं त्यामानाने सोपं. हंगेरीच्या मुली सध्या सगळ्यात वेगवान होत्या. आणि वाढदिवसाचं सूप हा पाहुणचार. त्याला कोण नाव ठेवणार?

नाश्त्याला सगळे संघ एकाच भोजनगृहात बसत. हंगेरीच्या टेबलावर वाफाळतं पातेलं आलं. ओर्शोया लाजली, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचे म्हातारे व्यवस्थापक फेरेन्त्स यांनी एक चमचा तोंडात घातला आणि त्यांचे डोळेच भरून आले. लांब खांबाआडून प्यो हे पाहत होते. मनातल्या मनात त्यांनी सुवर्णपदक भिंतीवर टांगूनही टाकलं.

तेवढ्यात फेरेन्त्स यांनी यजमानांच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे भात होता, अंडी होती, मुळ्याचं किमची होतं. सूप मात्र नव्हतं. भल्या माणसाने आपल्या परीने अर्थ लावला. या लोकांनी स्वतःच्या पोरींना न देता आपल्याला वाढलं! ते उठले, पातेलं उचललं आणि थेट कोरियाच्या टेबलाकडे निघाले. टीव्हीवाल्यांचा कॅमेरा त्यांच्या मागोमाग.

इथे आल्यापासून एक गोष्ट ते पक्की शिकले होते. काही द्यायचं तर दोन्ही हातांनी. एकेक वाटी भरून, दोन्ही हातांनी, किंचित वाकून त्यांनी प्रत्येक मुलीपुढे धरली. मग पांढऱ्या केसांचे ते आजोबा हसत उभे राहिले, पहिल्या घोटाची वाट पाहत.

कर्णधार बांग योन-हुईचा चेहरा समोरच्या भातासारखा पांढरा झाला. "काका," ती ओठ न हलवता म्हणाली, "हे काय आहे?"

"सूप," प्यो म्हणाले.

"ते दिसतंय. आलं कुठून?"

"हंगेरीहून."

"हंगेरीला समुद्र तरी आहे का काका?"

"हळू बोल. कॅमेरा आहे."

"ताई, मी नाही पिणार," सगळ्यात धाकटी सल आरम रडवेली झाली. "मॅडम, कोणीतरी नाही म्हणा ना!"

पण नाही कोण म्हणणार? वडीलधारा माणूस, परदेशचा पाहुणा, दोन्ही हातांनी वाढतोय, आणि अख्खा देश नाश्ता करता करता टीव्ही पाहतोय. मा मॅडम कॅमेऱ्याकडे पाहून गोड हसल्या आणि दातांच्या फटीतून म्हणाल्या, "गिळा."

मुलींनी गिळलं. आरमने नुसतं पाणी पिऊन शेवाळ वाटीच्या तळाशी ठेवायची युक्ती केली, तर फेरेन्त्स आजोबांनी मायेने आणखी दोन चमचे शेवाळ तिच्या वाटीत घातलं. शेवटी पातेल्यात उरलेलं सगळं त्यांनी काठोकाठ भरून प्योंपुढे धरलं. व्यवस्थापकाकडून व्यवस्थापकाला. प्यो डोळे मिटून ते प्यायले. स्वतः खणलेल्या खड्ड्याची चव अशी असते.

"हे सूप कोणाला सुचलं, ते मी संध्याकाळी शोधते," मॅडम जाता जाता म्हणाल्या. स्वयंपाकघराच्या दारात मांगन्ये मावशी हात पुसत उभ्या होत्या.  

बस मैदानाकडे निघाली. "काका, यॉत!" आरम एकदम म्हणाली. "यॉत खाल्लं की माणूस चिकटतो, घसरत नाही. परीक्षेच्या दिवशी माझ्या आजीने शाळेच्या फाटकालाच चिकटवलं होतं."

बुडत्या प्योंना काडी सापडली. बस मैदानाशी थांबताच ते बाजारात धावले आणि त्यातल्या त्यात चिवट, काकवीच्या रंगाचं यॉत, म्हणजे तिथली गोड चिकट मिठाई, पिशवी भरून घेऊन आले. कपडे बदलायच्या खोलीबाहेर मुली रांगेने चघळत बसल्या. चिक्कीला लाजवेल असा तो चिवटपणा. योन-हुईने जबाबदार कर्णधाराप्रमाणे सर्वांत मोठा तुकडा दाढेखाली घेतला, चावला, आणि थबकली. मग तिने तुकडा हातात काढला. त्यात तिच्या दाढेवरची टोपी चकाकत होती.

"चिकटलं," आरम म्हणाली.

"काका," योन-हुई गाल धरून म्हणाली, "मी जिवंत बाहेर आले तर आपण बोलू."

मुली बर्फावर गेल्या. आता प्योंच्या हातात उरलं काय? बर्फावर आपली सत्ता नाही, पण निदान बाहेरच्या बोळावर आहे. परत येताना तिथे कोणी घसरायला नको. त्यांनी सफाईच्या बायकांना गाठलं. "हे रबरी पट्टे गुंडाळा, ओले झालेत. लादी साबणाने घासा. एक डाग नको."

"आत्ता?" त्यातली एक म्हणाली. "शर्यत बघू द्या की साहेब."

"शर्यतीसाठीच सांगतोय!"

लादी अशी चमकली, की प्योंना तिच्यात स्वतःचा चेहरा दिसला. तो त्यांना फारसा आवडला नाही.

शर्यत पाहायची त्यांची छाती नव्हती. बोळाच्या पार टोकाला, सरबताच्या यंत्राकडे तोंड करून ते बसले. आतून कर्ण्यावर निवेदकाचा आवाज येत होता. हंगेरी पुढे. कोरिया मागे. अजून हंगेरी पुढे. प्रत्येक वळणाला प्योंच्या पोटात शेवाळ एकदा उजवीकडून डावीकडे जात होतं. आता शेवटच्या फेऱ्या, आणि रिलेच्या रीतीप्रमाणे आरमने पाठीला ढकलून पुढे सोडलेली योन-हुई.

योन-हुईने नंतर पत्रकारांना डावपेचांबद्दल पुष्कळ सांगितलं. खरं कारण तिने फक्त आरमला सांगितलं. बर्फावरचा गार वारा उघड्या दाढेत असा शिरत होता, की घसरण्याची भीती आठवायला तिला सवडच मिळाली नाही. एकदाची शर्यत संपवून तोंड बंद करायचं, एवढंच डोक्यात. शेवटच्या वळणावर ती बाहेरून गेली आणि ओर्शोयाला पातीभर अंतराने मागे टाकून रेषा ओलांडली.

मैदान फुटेल असा कल्ला झाला. प्यो ताडकन उठले, "जिंकलो!" म्हणून ओरडले आणि दाराकडे धावत सुटले. साबणाच्या लादीवर त्यांचे पाय त्यांच्या आधी निघाले. बोळाचं उरलेलं अंतर त्यांनी पाठीवर, चांगल्या वेगात, डावीकडे वळण घेत पार केलं. आपल्या देशाचा झेंडा वर जाताना त्यांनी पाहिला, पण उलटा.

त्या दिवशी ते सूप प्यायलेल्या हंगेरीच्या मुली पडल्या नाहीत; त्यांना रौप्य मिळालं. कोरियाच्या मुली पडल्या नाहीत. फेरेन्त्स आजोबा तर बर्फाच्या कडेला नाचले, तरी पडले नाहीत. पण पातेलंभर शेवाळ असं वाया कसं जाणार? कोणाच्या तरी नावावर ते पडायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मा मॅडम इस्पितळात आल्या. प्योंचा पाय प्लॅस्टरमध्ये, वर टांगलेला. मॅडमच्या मागे मांगन्ये मावशी, हातात झाकणाचा डबा.

"मावशींनी मला सगळं सांगितलं," मॅडम म्हणाल्या.

प्योंनी छताकडे पाहिलं. छताची त्यांना आता सवय झाली होती. "कर्लिंगला कधी हजर व्हायचं, मॅडम?"

"कर्लिंग? वेड लागलंय का तुम्हाला?" मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "मी नीट विचार केला. घसरणं हे कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येणारच. मग ते एकाच भरवशाच्या माणसाकडे असलेलं बरं. तुम्हाला मी सोडणार नाही. परवा पुरुष संघाची शर्यत आहे."

"पण मॅडम, डॉक्टर म्हणाले, परवा सकाळी कुबड्यांवर चालून बघायचं."

"अगदी जमून आलं," मॅडम म्हणाल्या.

मावशींनी झाकण उघडलं. "आजपासूनच सवय ठेवा," त्या म्हणाल्या. ओळखीची वाफ आली. हिरवं शेवाळ वाटीत संथ हलत होतं. मॅडम उठल्या, किंचित वाकल्या आणि दोन्ही हातांनी वाटी पुढे धरली.

प्योंनी वाटीकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पुढे केले. बाहेर बोळात कोणीतरी लादीवर साबणाची बादली ओतली.