चुकू न देणारे मधुकरराव

मधुकरराव ढोबळ्यांसमोर कुणीही काहीही करायला घेतलं, तरी ते पुरं करायचे मधुकररावच.

आम्ही नवीन राहायला आलो त्या दिवशी मी दारावर पाटी लावत होतो. समोरच्या दारातून लुंगीतले एक गृहस्थ आले, माझ्या हातातला पेचकस काढून घेतला आणि म्हणाले, “आण इकडे, चुकशीन.” पाटी त्यांनी लावली. ओळख त्यानंतर झाली.

पुढे कळलं, हा सगळ्यांचाच अनुभव. खालच्या मजल्यावरच्यांच्या सुनेला गाडी मागे घेता येईना, तर यांनी तिला उतरवून स्वतः स्टिअरिंग धरलं. इतवारीत भांड्यांच्या दुकानात नोकराला बाजूला सारून पातेली स्वतः बांधली. घरी सुलभाकाकू कोथिंबिरीची सांबारवडी वळायला बसल्या की हे मागे उभे. एखादी वडी फुटली की पोळपाट यांच्याकडे. काकू हात धुऊन गॅलरीत जाऊन बसत. सवयच झाली होती त्यांना.

बसले तरी मधुकररावांचा गुडघा हलत असे. कोराडीच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये उभं आयुष्य गेलेलं. मी एकदा म्हणालो, “काका, चुकल्याशिवाय माणूस शिकणार कसा?”

“चुकून शिकणं शाळेत ठीक. आमच्या इथं चुकलं असतं त अर्धा जिल्हा अंधारात बसला असता.”

मागच्या हिवाळ्यात काकूंना अर्धांगाचा झटका आला. रामदासपेठेतल्या दवाखान्यातून त्या काठी टेकत का होईना, चालत घरी आल्या. पण डोक्यातले शब्द जागा बदलून बसले होते. बोलणं शिकवायला एक तरुण मुलगी येऊ लागली. तिनं मधुकररावांना बजावलं, “काका, शब्द पुरवायचा नाही. चुकू द्या. चूक त्यांची त्यांना कळली की त्या दुसरा शब्द शोधतील.”

“अन् नाही सापडला त?”

“वाट बघायची.”

मधुकररावांना यापेक्षा मोठी शिक्षा देता आली नसती. काकूंनी तोंड उघडलं की हे घाईनं शब्द पुढे करत, आणि काकू तोंड मिटून घेत. जिन्यात मला गाठून म्हणाले, “मी मधात बोलून राहिलो म्हणून तिनं बोलणंच सोडलं. मले समजते गा. पण जीभ थांबत नाही.”

नंतर एका संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको त्यांच्याकडे गेलो. मधुकरराव दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. काकू आमच्याकडे बघत, स्वयंपाकघराकडे बोट करत म्हणाल्या, “चाबी.”

त्यांना चहा हवाय हे मलाही कळलं. मी बोलायला गेलो तर काकांनी डोळे वटारले. उठून त्यांनी खरोखरच कपाटाची चाबी आणून दिली. काकूंनी मान हलवली. “चादर.” चादर आली. काकूंना हसू फुटलं. चाबी, चादर बाजूला सारत त्या कितीतरी वेळ ओठ हलवत राहिल्या. काकांच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी काकू म्हणाल्या, “चहा.”

“हो, ठेवतो ना,” म्हणत ते आत पळाले.

मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही पुन्हा तिथे होतो. कूलर फार जोरात चालला होता. काकूंनी त्याच्याकडे बोट केलं, शब्द शोधला आणि म्हणाल्या, “मधुकर.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काकूंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. ‘अहो’वर संसार झाला होता. आपण काय बोललो ते लक्षात येताच त्यांनी पदर तोंडावर धरला. माझी बायको खाली बघू लागली.

मधुकररावांनी उठून कूलर बंद केला. मग काकूंसमोर खुर्ची ओढून बसले.

“चुकलं ते,” ते हळूच म्हणाले. “पण अजून एकदा म्हण.”