ती आज पण मेली नाही

"मेली का?"

जिन्यावर पारसच्या पावलांची चाहूल लागली तशी सिद्धीने गॅस बारीक केला आणि नवऱ्यापुढे पाण्याच्या तांब्याऐवजी हा प्रश्न ठेवला.

पारसने खांद्यावरची कॅमेऱ्याची बॅग उतरवली, रांगत आलेल्या प्रेक्षाला उचलून तिचा पापा घेतला आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "आज नाही जमलं. उन्हं उतरली."

"काल ढग आले होते. परवा पप्पू आला नव्हता. आधीच्या तिघांना मारायला एक दुपार पुरली होती तुम्हाला."

"त्या तिघांना ॲक्टिंग येत नव्हती. त्यांना लवकर मारलेलंच बरं होतं."

म्हणजे हिला येते. सिद्धीने कढईतलं रक्त जरा जास्तच जोरात ढवळलं.

रक्त टोमॅटोचं होतं. सगळीकडे म्हणे बीट उकडून करतात, पण पारसच्या जैन घरात कंदमूळ उंबरा ओलांडत नसे. तेव्हा टोमॅटो शिजवून गाळायचे, त्यात साखरेचा घट्ट पाक आणि गुलाबाचं सरबत घालायचं, अशी कृती सिद्धीने स्वतः बसवली होती. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला तोटा नाही, त्यामुळे सिनेमात बाकी कशाची चणचण असली तरी रक्ताची नव्हती.

सिनेमाचं नाव 'कायम गैरहजर'. पारसचा लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ. तुळशीचं लग्न लागेपर्यंत धंदा थंड असतो. तेवढ्यात पिंपळवंडीच्या बाजूचं एक कॉलेज दिवाळीच्या सुट्टीत त्याला वापरायला मिळालं आणि त्याच्या डोक्यातला जुना किडा वळवळला. कॉलेजात एक मारेकरी शिरतो, एकेका विद्यार्थ्याचा कोयत्याने गळा चिरतो आणि हजेरीपटावर त्याची गैरहजेरी लावून जातो. मारेकऱ्याचा पोशाख म्हणजे पिवळा रेनकोट आणि द्राक्षबागेत औषध मारताना तोंडाला लावतात तो मास्क. कोयता पुठ्ठ्याचा, वर चंदेरी कागद. मारेकऱ्याचं काम टोमॅटोच्या पिकअपवरचा ड्रायव्हर पप्पू करत होता, कारण रेनकोट त्याचाच होता.

तेजस्विनी चौथी मरणार होती. कागदावर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि सिद्धीने ते वाचलेलं होतं. पण दिवाळीचा फराळ संपला, डबे घासून पालथे पडले, तरी ती जिवंतच. रोज स्कूटीवर उसातून यायची, किंचाळायची, पळायची आणि संध्याकाळी धडधाकट घरी जायची. वर पारसला 'सर' म्हणायची. आजवर पारसला लोक 'ओ फोटोवाले' म्हणत आले होते.

सिद्धीचं दुखणं जुनं होतं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिने काम केलेलं, बक्षीस घेतलेलं. लग्न ठरल्यावर पहिल्याच भेटीत पारस म्हणाला होता, "माझ्या पहिल्या सिनेमात हिरोईन तू." मग प्रेक्षा झाली. पुढे सिनेमा ठरला तेव्हा हिरोईनचा विषयच निघाला नाही, फक्त रक्ताचा निघाला. आता ती रोज प्रेक्षाला झोपवून दिवसभराचं चित्रीकरण लॅपटॉपवर पाहायची. तेजस्विनीचे डोळे, तेजस्विनीचे केस, तेजस्विनी हसते तेव्हा कॅमेरा किती वेळ तिथेच रेंगाळतो ते. एखाद्या आईने बाळाचं अंग तापलंय का हे जितक्यांदा चाचपावं, तितक्यांदा.

"जगली तर जगू दे की बापडी," सासूबाई, म्हणजे झमकूबाई, हातातली माळ न थांबवता म्हणाल्या. "कुणाचं काही खाते का ती?"

दुसऱ्या दिवशी सिद्धीने बरणीत रक्त भरलं, पिशवीत लंगोट, पाण्याची बाटली, तापाचं औषध, टोपरं आणि मऊ भात घेतला आणि नवऱ्याला सांगितलं की आज मीही येते. प्रेक्षाला घरी ठेव, असं सासूबाई दोनदा म्हणाल्या. सिद्धीने ऐकलं नाही. कडेवर लेकरू असलं की कोण कुणाची हे वेगळं सांगावं लागत नाही.

कॉलेजच्या फाटकातच तेजस्विनी सामोरी आली आणि प्रेक्षा, जी परक्याला पाहून भोकाड पसरायची, तिने दोन्ही हात पुढे केले.

"वैनी, तुमचं रगत लई झ्याक," तेजस्विनी प्रेक्षाला घेत म्हणाली. "परवा तोंडाला लावलेलं मी निम्मं चाटून खाल्लं."

सिद्धी हसली. हसताना आपले दात दिसतायत एवढंच तिला जाणवलं.

शूटिंग सुरू झालं. व्हरांड्याच्या टोकाकडून पप्पू रेनकोट फडफडवत, कोयता उगारून आला. तेजस्विनीने मागे वळून पाहिलं, डोळे मोठे केले आणि फिस्सकन हसली. पुन्हा घेतलं, पुन्हा हसली. तिसऱ्या वेळी ती खांबाला धरून खालीच बसली.

"मी काय करू, सर? ह्यो मास्क बघितला की मला आमचा तात्या आठवतो. असाच येतो बागेतनं आन् च्या मागतो."

पारस खाली मान घालून उभा राहिला. रोज उन्हं का उतरत होती, ते सिद्धीला आता कळलं. त्याच्या मारेकऱ्याला कुणी भीतच नव्हतं आणि हे घरी सांगायची त्याला लाज वाटत होती. क्षणभर तिला हायसं वाटलं. पण लगेच तिने पाहिलं की पारस तेजस्विनीला पाण्याची बाटली देतोय, आणि बाटली प्रेक्षाची होती.

इतक्यात पप्पूचा फोन वाजला. बाजारात माल उतरवून झाला होता, पण ड्रायव्हरविना पिकअप अडकली होती. "पारसभाऊ, मला जावं लागंल. न्हाईतर शेठ माझाच खून करील," असं म्हणून त्याने मास्क काढला, रेनकोट खुर्चीवर टाकला आणि तो गेला.

"चला, आज पण..." पारसने आकाशाकडे पाहिलं.

"उन्हं भरपूर आहेत," सिद्धी म्हणाली. "रेनकोट द्या इकडे."

प्रेक्षाला तिने आधीच मेलेल्यांपैकी एका मुलीकडे दिलं. ती आता चेहऱ्यावर उजेड पाडायला पांढरा थर्माकोल धरायला येत असे. तिच्या गळ्यावरचा रंग धुतलाय, बाळाच्या तोंडात जाणार नाही, याची खात्री केली. मग साडी वर खोचली, रेनकोट चढवला, मास्क आवळला. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात रक्ताने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी, गळ्याशी दाबून फोडायची. मास्कच्या काचेतून तेजस्विनी हिरवट दिसत होती. बरं वाटलं.

पारस म्हणाला, "ॲक्शन."

पप्पू पळायचा तेव्हा रेनकोट पळायचा. सिद्धी पळाली तेव्हा गॅदरिंगचं बक्षीस पळालं, दिवाळीभर ढवळलेली कढई पळाली, ती बाटली पळाली. तेजस्विनीने वळून पाहिलं. तिला तात्या दिसला नाही. तिने अशी किंकाळी फोडली की आवारातल्या चिंचेवरचे सगळे पक्षी एकदम उठले. "वैनी, वैनी, आवो वैनी," करत ती प्रयोगशाळेवरून, कार्यालयावरून धावली आणि सूचनाफलकापाशी कोपऱ्यात सापडली. सिद्धीने पिशवी फोडली, दोघी लालेलाल झाल्या, आणि तिने सगळा जीव एकवटून कोयता गळ्यावरून ओढला.

टक्क असा आवाज आला. कोयता मधोमध दुमडला.

काय झालं हे कुणाला उमगायच्या आत कुंपणापलीकडच्या उसातून आरडाओरडा आला. कुणी पितळी परात बडवत होतं, कुणी सुतळी बॉम्ब लावला. पंधरा-वीस माणसं काठ्या घेऊन आवारात शिरली. पुढे रखमाजी, शेजारच्या मळ्यातले म्हातारबा.

"कुठल्या अंगाला गेला?" रखमाजींनी विचारलं.

पारसने हात जोडून सांगितलं की कुणी नाही, हे शूटिंग आहे.

"ते असू द्या राव. बिबट्या कुठं गेला ते सांगा."

मास्क लावून, वाकडा कोयता हातात घेऊन, रक्ताने थबथबलेली सिद्धी त्यांच्या वाटेत उभी होती. रखमाजींनी तिला हाताने बाजूला सारलं. "सरका भाऊ. औषध मागनं मारा." मग त्यांनी तेजस्विनीचा चेहरा, खांदे, मान नीट पाहिली आणि सुस्कारा टाकला.

"पट्टा व्हता म्हनून वाचली पोरगी."

तेव्हा कुठे सगळ्यांनी तिच्या गळ्याकडे पाहिलं. तिथे चामड्याचा रुंद पट्टा होता, बाहेरून सगळे टोकदार खिळे. बिबट्या मानेलाच धरतो म्हणून हल्ली या बाजूच्या उसात जाणाऱ्या बायका असा पट्टा बांधतात. तेजस्विनी रोज उसातूनच यायची.

गर्दी पांगल्यावर पारसने कॅमेऱ्यात मागचं सगळं चालवून पाहिलं. वर्गात पट्टा. कँटीनमध्ये वडापाव खाताना पट्टा. गाण्यात, वाऱ्यावर ओढणी उडवताना, पट्टा. इतके दिवस कुणालाच तो दिसला नव्हता, कारण प्रत्येकाच्या घरी खुंटीला तसाच एक होता. आणि सिद्धीला? तिने रोज डोळे पाहिले होते, केस पाहिले होते. गळ्यापर्यंत उतरायला मत्सराला सवडच झाली नव्हती.

"म्हंजी हिचा गळा चिरताच येनार न्हाई," थर्माकोलवाली म्हणाली.

पारस पायरीवर बसला. दोनच मार्ग होते. एक, पट्टा काढून सगळं पुन्हा चित्रित करायचं. म्हणजे तेजस्विनी आणखी दिवाळीएवढे दिवस. दुसरा, तिला मारायचंच नाही. म्हणजे ती शेवटपर्यंत राहणार, आणि जी शेवटपर्यंत राहते तीच हिरोईन. सिद्धीने मास्क कपाळावर सरकवला. कुठल्याही अंगाने गेलं तरी तोटाच होता.

"गच्चीवरून ढकला," ती म्हणाली.

"आसं कसं, वैनी?" तेजस्विनी रडकुंडीला आली. "पट्टा घालून मी मेले तर आमच्या गावात परत कोन पट्टा घालंल? आई मला घरात घ्यायची न्हाई. आन् खरं सांगू का, मला पयल्याच दिवशी मरून मोकळं व्हायचं व्हतं. सरच म्हनले, हसायचं थांबल्याबिगर मरता येनार न्हाई."

पारसचं लक्ष दोघींकडे नव्हतं. तो मघाचं धावणं पुन्हा पुन्हा पाहत होता. त्याने कॅमेरा सिद्धीपुढे धरला. व्हरांड्यातून पिवळा रेनकोट येत होता, खालून साडीचा काठ दिसत होता, आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा येत होता.

"कोयता पट्ट्यावर आपटतो," पारस हळूहळू म्हणाला. "पोरगी वाचते. मास्क निघतो. आणि आत बाई असते. शेवटची सगळी पंधरा मिनिटं त्या बाईच्या चेहऱ्यावर." मग त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "पण सिद्धी, ती एवढी चिडलेली कशामुळे असते, ते मला सुचत नाही."

"ते माझं मी बघते," सिद्धी म्हणाली. "तुम्ही कॅमेरा लावा."

त्यानंतर कामाला असा वेग आला की विचारू नये. प्रेक्षा आता आजीकडे राहू लागली, आणि आजीकडेही ती नीट झोपते, जेवते, हा शोध सिद्धीला लागला. राहता राहिला एकच प्रसंग. मारेकरीण कॉलेजच्या मैदानात मरते तो.

पहिल्या दिवशी ती मरता मरता पुन्हा उठली, कारण मारेकरी एका फटक्यात मरत नसतो. दुसऱ्या दिवशी तिने मरताना चार वाक्यं घातली. तिसऱ्या दिवशी ती फाटकापर्यंत सरपटत गेली. तेजस्विनी हातात दांडकं घेऊन उन्हात उभी राहून कंटाळली.

"सर, वैनी मरनार कधी?" तिने विचारलं. "घरी कांद्याची लागन चाललीया. बाया खोळंबल्यात."

मातीत पालथ्या पडलेल्या सिद्धीने एक डोळा उघडला. "घाई करू नकोस गं तेजू. मघाशी माझा चेहरा सावलीत गेला होता. अहो, परत घेऊ."

संध्याकाळी ती जिना चढून आली तेव्हा स्वयंपाकघरातून टोमॅटो आणि गुलाबाचा वास येत होता. झमकूबाई एका कडेवर प्रेक्षाला घेऊन कढई ढवळत होत्या. सुनेची चाहूल लागताच त्यांनी गॅस बारीक केला.

"मेलीस का गं?"

सिद्धीने प्रेक्षाला घेतलं, तिचा पापा घेतला आणि सासूबाईंच्या नजरेला नजर न देता म्हणाली, "आज नाही जमलं. उन्हं उतरली."