नेनेकाकांचं ऑर्किड

लोडशेडिंग सुरू झालं की कलकत्त्यातलं आमचं अख्खं बेहाला ताडाच्या पंख्यानं स्वतःला वारा घालत बसे. आमच्या वरच्या मजल्यावरचे नेनेकाका मात्र घामानं निथळत, गॅलरीत टांगलेल्या ऑर्किडला वारा घालत उभे असत.

ते ऑर्किड त्यांनी कालिंपोंगहून आणलेलं. ओंडक्याला बांधलेली चार चामट पानं आणि हवेत लोंबणाऱ्या मुळ्या. फुलाचा पत्ता नाही. माझी कलकत्त्याला बदली झाली त्याच्या कितीतरी आधीपासून काका वाट बघत होते. एकटा जीव, दुसरं काम नाही. कुणी विचारलं, "काय, आलं का फूल?" की ओठांवर बोट ठेवून म्हणत, "हळू! विचार चाललाय तिचा." घरमालक एकदा हसून म्हणाला, "दादा, ए तो घाश!" तिला गवत म्हटलं म्हणून काकांनी दुर्गापूजा येईपर्यंत त्याच्याशी अबोला धरला.

एका उन्हाळ्यात तिचा विचार पक्का झाला. पानांच्या बेचक्यातून हिरवट दांडा डोकावला आणि पुतण्याच्या लग्नासाठी पुण्याला निघालेल्या काकांनी बांधलेली वळकटी सोडली. "लग्न काय, माझ्यावाचूनही लागेल!"

दांडा लांबत गेला, झुकत गेला, आणि एका सकाळी झोपेत हसू यावं तसा गुलाबी ठिपक्यांच्या इवल्या फुलांनी भरून गेला. काकांनी सगळ्या बिऱ्हाडांना बोलावलं. "लांबून बघा. श्वासही बेतानं घ्या."

माझी आईही वर आली. वडील गेल्यावर मी तिला रत्नागिरीहून आणलं होतं. इथली भाषा कळेना, ती दिवसभर खिडकीशी गप्प बसून असे.

"अगंबाई, ही तर सीतेची वेणी!" ती म्हणाली. "आमच्या परसातल्या आंब्यावर यायची. मी माळायचे..." आणि एकदम थांबून तिनं पदर सारखा केला.

काका आत गेले, कात्री घेऊन आले आणि आम्ही काही म्हणायच्या आत अख्खा घोस कापून त्यांनी आईपुढं धरला.

"अहो, मला कशाला आता?"

"वहिनी, माझी आई फुलांची वेडी होती. बाबा गेल्यावर नुसती बघत राहायची," काका म्हणाले. "तुम्ही माळा."

आई तो घोस बराच वेळ हातात धरून राहिली. मग हळूच तिचा हात अंबाड्याकडं गेला. तिला संकोच वाटू नये म्हणून काका पाठ फिरवून कठड्याशी उभे राहिले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बसकडं फार लक्ष देऊन बघत राहिले.