सुलेखा मॅडमचा ताठा

सुलेखाच्या हातातलं पेन खाली पडलं आणि तिनं ते उचललं नाही, इथून सगळं सुरू झालं.

औरंगपुऱ्यातल्या त्या पतसंस्थेच्या शाखेत पेन पडणं ही काही बातमी नव्हती. पण सुलेखा पेनाकडे नुसती बघत उभी राहिली. तिला पाचवा महिना लागला होता. कमरेतून वाकायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणि गुडघे मोडून खाली बसावं तर परत उठायला कुणाचा तरी हात लागला असता. हात मागायचा तर कारण सांगावं लागणार, आणि त्याला सासूबाईंची, लीलाबाईंची बंदी होती. "सातव्यात ओटी भरू तवा समद्यांना एकदमच सांगू. तवर हापिसात तोंड उघडायचं नाय." म्हणून ढगळ कुडता, वरून ओढणी, आणि तोंडाला कुलूप.

शेवटी समोरच्या टेबलावरून अप्पाराव उठले आणि त्यांनी पेन उचलून दिलं. अप्पाराव शाखेतले सगळ्यात जुने क्लार्क. स्वतःचं पेनसुद्धा ते शिपायाकडून उचलून घ्यायचे.

"मॅडम, तब्येत बरी हाय ना?"

"एकदम मस्त," कमरेवर हात ठेवून, मागं रेलत सुलेखा म्हणाली.

ते रेलणं अप्पारावांनी हेरलं. बिचारीचं पोट तिला पुढं ओढत होतं. तोल सांभाळायचा तर खांदे मागं न्यावे लागत, मग मान आपोआप वर जाई. पाय फाकवून, एकेक पाऊल रोवत ती चालायला लागली की फौजदार गस्तीला निघाल्यासारखं वाटे.

"चाल बघितली का मॅडमची?" चहाच्या टपरीवर अप्पाराव कडूबा शिपायाला म्हणाले. "साहेबांची बदली झाली, खुर्ची मोकळी पडलीय. मॅडमला वरून कायतरी कळलेलं हाय. एवढा ताठा उगं येत नसतो."

"व्हय की! कालच मला म्हणल्या, पाय ठेवायला स्टूल आण."

"स्टूल?" अप्पारावांच्या बशीतला चहा हिंदकळला. "पाय ठेवायला? मंग तर पक्कंच."

दुपारपर्यंत सुलेखाची कंबर अशी भरून यायची की डोळ्यांपुढं आकडे नाचायचे. एके दिवशी तिला राहवलं नाही. साहेबांच्या रिकाम्या केबिनमध्ये शिरून तिनं तिथली उंच पाठीची खुर्ची ओढली, पाठीशी उशी घेतली, पाय स्टुलावर टाकले आणि डोळे मिटले. उघडले तर समोर अप्पाराव हात बांधून उभे.

"मॅडम, मला यायला जरा उशीर होतो, खरं हाय. पण उद्यापासून साडेदहाच्या ठोक्याला हजर. तेवढं सांभाळून घ्या."

सुलेखाला आधी काहीच कळेना. मग कळलं, आणि हसू दाबायला तिनं ओढणी तोंडाशी धरली. खरं सांगून टाकावं असं वाटलंही. पण खुर्ची फार छान होती.

"बघू," ती म्हणाली.

त्या एका शब्दानं शाखा हलली. अप्पाराव वेळेवर यायला लागले, काउंटर वेळेवर उघडायला लागलं. न मागता पाणी यायचं, हातातून सुटलेली वस्तू जमिनीला टेकायच्या आत कुणीतरी झेलायचं. रोज केबिनमधल्या त्या खुर्चीत बसून सुलेखाची कंबरदुखी उतरली, रात्री झोप लागायला लागली. आपण काही खोटं बोललेलो नाही, असं ती मनाला समजावत राहिली.

अशात एका सोमवारी एक हडकुळे, पाठीत वाकलेले गृहस्थ आत आले.

"मला जरा केबिनमध्ये—"

"बाकावर बसा काका," अप्पाराव खेकसले. "मॅडम कामात हायत."

गृहस्थ निमूट बसले. बऱ्याच वेळानं कडूबानं त्यांना आत सोडलं. सुलेखा उठली नाही. उठणं हा आता मोठा कार्यक्रम होता.

"बोला, काय काम होतं?"

"मी लक्ष्मण देशमाने. आजपासून या शाखेचा मॅनेजर."

सुलेखा ताडकन उठली. उठायला नको होतं. खुर्ची चाकांवर मागं पळाली, स्टूल आडवं झालं, तोल गेला, आणि हाताला जे लागलं ते तिनं गच्च धरलं. ती साहेबांची कॉलर होती. साहेब अर्धे टेबलावर आले.

काचेबाहेरून अप्पारावांना एवढंच दिसलं. ते धावत आत आले.

"मॅडम, सोडा त्यांना! नवीन गिऱ्हाईक हाय, चुकलं असंल कायतरी!"

साहेबांनी मात्र कॉलर न सोडवता आधी सुलेखाला दोन्ही हातांनी सावरलं, नीट खुर्चीत बसवलं आणि घाबऱ्याघुबऱ्या विचारलं, "अहो, कितवा महिना?"

"पाचवा," सुलेखा पुटपुटली.

दार उघडंच होतं. अख्ख्या शाखेनं ऐकलं.

"म्हंजे," अप्पारावांचा आवाज चिरकला, "मी रोज वेळेवर येतोय ते कामून?"

"मी कुठं काय म्हणलं, अप्पाराव?"

देशमाने साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "मुख्य कार्यालयात या शाखेच्या तक्रारींची सवय झालीय. अलीकडे एकही आली नाही म्हणून मलाच शंका आली होती. खुर्ची मॅडमनाच राहू द्या, मला साधी चालते. आणि काउंटरवरची देखरेखही रजेवर जाईपर्यंत त्याच करतील."

"आन् रजेवर गेल्यावर कोण?" अप्पारावांनी हळूच विचारलं.

"बघू," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला अप्पाराव शाखेच्या पायऱ्यांवर प्रकटले. खांदे मागं, मान वर, कमरेवर हात, पोट शर्टाची बटणं ताणत पुढं. एकेक पाऊल रोवत ते वर यायला लागले. कडूबा हातातला झाडू टाकून धावला आणि त्यानं त्यांचा दंड धरला.

"हळू, साहेब, हळू! आता तुमी दोन जिवांचे."