जामीन कोण?

आमच्या ऑफिसात बाहेरून एखादी फ्लॉपी आली, की टिपणीस साहेब ती दोन बोटांत धरून तिलाच विचारायचे, "कुणाकडची गं तू?" फ्लॉपी अर्थातच गप्प. मग तोच प्रश्न आणणाऱ्याला. कुणी लिहिली, आधी कुठल्या मशिनवर चालली, कुणाकुणाच्या हातातून आली. चहापोह्यांच्या वेळी मुलीच्या बापाचीसुद्धा एवढी उलटतपासणी होत नसेल.

ही ठाण्यातल्या पंपांच्या कारखान्यातली गोष्ट, नव्वद सालानंतरची. आमच्या कॉम्प्युटर विभागात एक मोठं मशिन, त्याला जोडलेले पाचसहा पडदे, आणि या सगळ्यांच्या वर, डोंबिवलीहून रोज येणारे टिपणीस साहेब. कुठली फाइल कुणी नुसती वाचायची, कुणी बदलायची, कुठला प्रोग्राम कुणी चालवायचा, या सगळ्या परवानग्या त्यांच्या हातात. त्या ते महागाईतलं तूप वाढावं तशा द्यायचे, चमच्याच्या टोकावर.

मी कल्याणहून यायचे, नवीनच लागले होते. सुरुवातीला मला माझीच फाइल उघडता येईना. पडद्यावर यायचं, परमिशन डिनाइड. मी जाऊन तक्रार केली, तर साहेब शांतपणे म्हणाले, "देसाईबाई, ती फाइल तुमची आहे, हे तुम्ही म्हणताय. मशिन कुठे म्हणतंय?" मी कपाळावर हात मारून घेतला. तोही मनातल्या मनात, कारण उघड मारायला परवानगी लागली असती.

एवढ्यानं भागेना म्हणून त्यांनी जामिनाचा नियम काढला. प्रोग्राम कुणीही लिहो, दुसऱ्या कुणीतरी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा आणि जामीन म्हणून आपलं नाव त्यात घालायचं. नाव नसेल तर मशिन तो चालवणारच नाही, अशी व्यवस्थाही स्वतः करून ठेवली. न वाचता नाव घालायची सोय नव्हती. साहेब येऊन मधलीच एखादी ओळ विचारायचे. आमच्यातला म्हात्रे, कळव्याचा, एकदा वैतागून म्हणाला, "सायब, मी माझे बायकोची चिठ्ठी पन एवरी वाचत नाय!" साहेबांनी त्याला चिठ्ठीसुद्धा नीट वाचत जायला सांगितलं.

आणि एका दिवाळीच्या तोंडावर देव पावला. कंपनीनं बोनसचा हिशेब बदलला. तो हिशेब करणारा प्रोग्राम खुद्द साहेबांचा, नियमाच्या आधीपासून चालत आलेला, म्हणून कधी अडला नव्हता. साहेबांनी त्यात दुरुस्ती केली आणि मशिननं त्यांना तोंडावर सांगितलं, जामीन नाही, परमिशन डिनाइड. आमची दिवाळी तिथेच साजरी झाली. मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

पण अख्ख्या कारखान्याचा बोनस अडला होता. अकाउंट्सवाले फोनवर ओरडत होते, युनियनचे लोक दारात येऊन उभे राहिले.

"सायब, सगल्या चाव्या तुमचेच हातान ना?" म्हात्रे म्हणाला. "मग काढा तो नियम न् चालवा!"

"मला काढता येतो," साहेब म्हणाले, "म्हणूनच काढायचा नाही."

मग कुणाकडे तरी जामीन मागावा ना! पण तेच त्यांना जमेना. प्रिंटआउटची चळत छातीशी धरून ते दुपारभर खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी माझ्या टेबलाशी येऊन घसा खाकरला. "देसाईबाई, तुम्हाला सवड असेल तर..." पुढचं वाक्य काही बाहेर येईना. आयुष्य लोकांना नाही म्हणण्यात गेलेलं, मागायची बिचाऱ्यांना प्रॅक्टिसच नव्हती.

"द्या, घालते नाव," मी म्हटलं. "तुमचंच आहे, म्हणजे बरोबरच असणार."

त्यांचा चेहरा उतरला. "सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले. "म्हणून माझं कुणी वाचतच नाही."

मी मुकाट्यानं वाचायला घेतलं. (बोनस वेळेवर निघाला, ती काळजी नको.) प्रोग्राममध्ये काही ओळी अशा असतात की मशिन त्या सोडून देतं, त्या पुढे वाचणाऱ्या माणसासाठी असतात. आम्ही तिथे 'इथे बेरीज' एवढंच लिहून मोकळे व्हायचो. साहेबांनी इंग्रजी अक्षरांत चक्क मराठी लिहिलं होतं. 'नमस्कार. बसून घ्या, पल्ला लांबचा आहे.' थोडं पुढे, 'हा भाग मला नीट जमलेला नाही. आपल्याला काही सुचलं तर अवश्य सांगावं.' आणखी पुढे, 'इथवर आलात? आता चहा घ्या.'

मला फार वाईट वाटलं. वर्षानुवर्षं हा माणूस कुणीतरी येईल म्हणून बोलत बसला होता, आणि आम्ही त्याच्या नावावर विश्वास टाकून निवांत.

पुढच्या पानावर होतं, 'इथून मॅनेजर लोकांचा बोनस सुरू. चपला बाहेर काढाव्यात.' मला हसू आवरेना, मी मोठ्यानं हसले.

साहेब खिडकीबाहेर बघत पाठमोरे उभे होते. ते गर्रकन वळले.

"कुठल्या ओळीला?" त्यांनी विचारलं. "कुठल्या ओळीला हसलात?"