कुजबुजणारी हेल्पलाइन

एकशेवीस रिकाम्या खुर्च्या. एक काळा फोन. प्रकरण सहावं. उडालेली कबुतरं.

साथीमुळे विद्यापीठाचं ग्रंथालय बंद झालं, तेव्हा ग्रंथपालबाईंनी छातीठोकपणे सांगितलं, "दार बंद, सेवा चालू! अंध विद्यार्थ्यांना वाचून दाखवणारे येऊ शकत नाहीत ना? विद्यार्थ्यांनी फोन करावा, मी वाचते!"

बेत झकास होता. फक्त बत्तीस वर्षं 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसून बाईंचा आवाज मुंगीच्या पावलाएवढा झाला होता!

दुपारी तीनला फोन वाजला. इतिहासाचा एक अंध विद्यार्थी. पाचला त्याची तोंडी परीक्षा. नापास झाला तर वर्ष वाया. आणि सहावं प्रकरण ऐकायचंच राहिलेलं! बाईंनी लगेच वाचायला घेतलं.

"बाई, जरा मोठ्यानं!"

"मोठ्यानंच वाचतेय रे," बाई कुजबुजल्या.

"माझे कान तिखट आहेत, बाई, पण मला नुसता श्वास ऐकू येतोय!"

बाईंनी जोर लावला. आवाज होता तिथंच राहिला, धाप तेवढी वाढली. पोरगा हादरला.

"बाई, तुम्हाला लागण झालीये! बोलू नका!" फोन ठेवून त्यानं थेट आरोग्य खात्याला कळवलं: ग्रंथपालांचा आवाज गेलाय, धाप लागलीये, तरी काम सोडत नाहीत!

साडेतीनला नखशिखांत पांढऱ्या पोशाखातले दोघं हजर.

"चला बाई, गाडी उभी आहे."

"मी ठणठणीत आहे," बाई पुटपुटल्या.

"बघा, शब्द फुटेना!" दुसऱ्यानं कागदावर टिपून घेतलं.

ताप नाही. प्राणवायू अठ्ठ्याण्णव. तरी दोघं हटेनात. तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, बऱ्या आहात ना? माझ्या परीक्षेचं जाऊ द्या. पुढच्या वर्षी बघू."

"कोण म्हणतं जाऊ द्या!!"

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. छतावरची कबुतरं उडाली. बाई स्वतःच दचकल्या, पण थांबल्या नाहीत. पहिल्या ओळीपासून शेवटच्या टिपेपर्यंत, पाऊण तास, उभ्यानं, अशा गर्जल्या की तोफखान्यानं मान खाली घालावी! पांढरे पोशाख निमूट खुर्च्यांवर बसले.

"मग राजानं काय केलं?" एकानं हळूच विचारलं.

"मध्ये बोलायचं नाही!" बाई कडाडल्या.

पोरगा पास झाला, तोही पहिल्या वर्गात.

या हेल्पलाइनसाठी विद्यापीठानं बाईंची निवड आठवडाभर आधी रीतसर परीक्षा घेऊनच केली होती. परीक्षा लेखी होती.