सूनबाईंचं नाव विचाराधीन

रावबहादूर कमलाकांतांच्या गिरगावातल्या घराण्यात सात पिढ्यांचा नियम होता: सासरचं नाव मिळाल्याशिवाय सुनेनं उंबरठा ओलांडू नये. त्यामुळे वैशाखातल्या त्या दुपारी नवी सून, दादरची नलू, दाराबाहेर उभी होती. समोर तांदळाचं ताट नि सोन्याची अंगठी घेऊन नवऱ्याचे थोरले काका अप्पा.

“नावाशिवाय आत नाही,” अप्पा म्हणाले.

नलूला वाटलं, उखाणा हवाय. तिनं खणखणीत आवाज लावला. “गिरगावच्या गल्लीत फुलांचा सडा, मनमोहनरावांचं नाव घेते, वाट माझी सोडा!”

“त्याचं नाव आम्हाला ठाऊक आहे हो. प्रश्न तुमच्या नावाचा आहे.”

अप्पा सचिवालयातून निवृत्त झालेले. त्यांनी रीतसर वंशावळ उघडली. यशोदा? सासूबाई. राधा? आत्या. लक्ष्मी? आजेसासू. ती गेली, पण तिचा धाक अजून होता. अखेर उपसमिती नेमली गेली. तोवर, दिल्लीनं मुंबईचं योजलं होतं त्याच धर्तीवर, सूनबाई केंद्रशासित राहतील असं ठरलं. मुक्काम ओसरीवर, कारभार सासूबाईंकडे.

“मामंजी, नलू काय वाईट आहे?”

“ते माहेरचं. माहेरचं काही या घरात येत नाही,” रावबहादूर म्हणाले आणि तिची चांदीची भांडी आत पाठवून दिली.

नलूला रडू फुटत होतं. वीस वर्षं ज्या हाकेला ओ दिली, ती हाकच गेली तर उरायचं काय? नवरा मनमोहन मुंडावळ्या सारख्या करत होता. मेल्या, बोल की!

तेवढ्यात शेजारचे शामराव मंडळींसह संयुक्त महाराष्ट्राच्या सभेहून परतले. ‘ज्यांचं भवितव्य ठरवायचं, त्यांना आधी विचारा’ हा ठराव त्याच सभेत सकाळी, लग्नाच्या मुहूर्ताआधी, रावबहादुरांनीच मांडला होता. हकीगत कळताच शामराव गरजले, “नावासह सून मिळालीच पाहिजे!”

रावबहादूर चपापले. “तत्त्वतः मान्य! पण पूर्वीचा दाखला हवा.”

“शामराव, तुमच्या कमलाबाईंचं माहेरचं नाव काय?” अप्पांनी विचारलं.

घोषणेसाठी वर गेलेला शामरावांचा हात तसाच राहिला. तीस वर्षांचा संसार! “कमलाच असेल की.”

“दुर्गा,” मागून कमलाबाई म्हणाल्या. “कुणी विचारलंच नाही कधी.”

एकाएकी सगळ्या पुरुषांना घरची कामं आठवली. गर्दी पांगली. नलूनं अप्पांच्या हातची अंगठी ओढून घेतली, तांदळात स्वतःच ‘नलू’ लिहिलं आणि उजवं पाऊल आत टाकलं. अप्पांनी वंशावळीत नोंद केली: नलू, तात्पुरतं.

हसलात ना? हसा खुशाल. तेवढं तुमच्या आजीचं माहेरचं नाव सांगा पाहू. आणि आईला विचारायला उठू नका, तिचंही सांगायचंय.